ईव्हीडीचा पेशंट सांभाळताना: लेव्हल, क्लॅम्प आणि बाकीचं सगळं

एका नव्या सिस्टरचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेडिसिन आयसीयूतून न्यूरो आयसीयूत येऊन दोन महिने झालेत, ईव्हीडीचे (मेंदूतलं जास्तीचं पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, लावलेले) पेशंट मिळायला लागलेत आणि सीनिअर नुसतं "लेव्हल बघ, आउटपुट लिही" एवढंच सांगतात. परवा रात्री पेशंट सीटीवरून परत आणला, ड्रेन उघडायचा राहिला, चाळीस मिनिटांनी पेशंट झोपाळू वाटला तेव्हा लक्षात आलं. पेशंट आता ठीक आहे पण त्या बेडपाशी जायचीच भीती वाटते. लेव्हल किती वेळा बघायची, किती एमएल आलं की घाबरायचं, ब्लॉक झालाय हे कसं कळतं, फ्लश करायचा का (म्हणजे सलाइन ढकलून ट्यूब मोकळी करायची का).

अगं, आधी एक सांगते. क्लॅम्प (ट्यूब बंद करायचा चाप) उघडायचा राहणं ही या ड्रेनमधली सगळ्यात कॉमन चूक आहे, माझ्या हातूनही झालीये, नवीन असताना नाही तर चांगली आठ वर्षं न्यूरोत काढल्यावर झालीये. चाळीस मिनिटांत तुझ्या लक्षात आलं ते कुठल्या अलार्ममुळे आलं नाही, पेशंट मगाचपेक्षा वेगळा दिसतोय हे तुला खटकलं म्हणून आलं, आणि ईव्हीडीच्या नर्सिंगमधलं निम्मं काम तेच आहे. इन्सिडेंट रिपोर्ट भरला नसशील तर भरून टाक, आणि त्यात "माझं चुकलं" एवढंच लिहू नकोस, कुठल्या वेळी कोण कोण हजर होतं, हँडओव्हर कोणी कोणाला दिला, ड्रेन कोणी बंद केला होता, हे लिही, कारण बहुतेक वेळा बंद करणारा एक असतो आणि उघडायची अपेक्षा दुसऱ्याकडून असते, आणि गडबड तिथेच होते.

आता हा ड्रेन नक्की करतो काय ते बघू, कारण ते एकदा डोक्यात बसलं ना की अर्धे प्रोटोकॉल पाठ करावे लागत नाहीत.

तू मेडिसिनमधून आलीयेस म्हणजे तुला फोलीची (लघवीची नळी) सवय, राइल्स ट्यूबची (नाकातून पोटात जाणारी नळी) सवय, तिथे बॅग खाली लटकवली की विषय संपला, जितकी खाली तितकं बरं. ईव्हीडीमध्ये हीच सवय घातक आहे. कॅथेटरचं टोक मेंदूच्या लॅटरल व्हेंट्रिकलमध्ये (आतल्या पाण्याच्या पोकळीत) असतं, बहुतेक वेळा उजव्या बाजूने कपाळाच्या वर केसांच्या रेषेमागून घातलेलं. तिथून ट्यूब बाहेर येते, ड्रिप चेंबरमध्ये जाते, चेंबरखाली बॅग. मध्ये मोटर नाही, सक्शन नाही, पंप नाही. डोक्यातला दाब चेंबरच्या उंचीपेक्षा जास्त झाला की सीएसएफ (मेंदूतलं आणि मेंदूभोवतीचं पाणी) वर चढून चेंबरमध्ये पडतं, कमी असला की पडत नाही. म्हणजे चेंबर किती उंचीवर टांगलाय हीच त्याची सेटिंग. चेंबर दहा सेंटीमीटरवर असेल तर डोक्यातला दाब दहा सेंटीमीटर पाण्याच्या वर गेल्यावर थेंब पडणार. आता कोणी बेड दहा सेंटीमीटर वर उचलला तर तुझी सेटिंग शून्य झाली, आणि मॉनिटरवर कुठलंही लाल लाइट लागणार नाही.

ही उंची मोजायची कुठून, तर फोरामेन ऑफ मोनरोपासून (व्हेंट्रिकलना जोडणारं छिद्र), ते आत असतं म्हणून बाहेरून त्याची खूण धरतात. पेशंट पाठीवर असेल, हेड एंड (बेडची डोक्याकडची बाजू) वर असो वा नसो, तर ट्रॅगस, कानाच्या भोकापुढचा तो छोटासा उंचवटा. कुशीवर असेल तर दोन भुवयांच्या मधली जागा. काही युनिटमध्ये कानाचं भोकच धरतात, फरक अगदी थोडा पडतो, पण सगळ्यांनी एकच खूण धरायला हवी, नाहीतर सकाळच्या सिस्टरचा शून्य वेगळा आणि रात्रीच्या सिस्टरचा वेगळा आणि राउंडवर सगळे चर्चा करतात की रात्री प्रेशर का वाढतं. आमच्याकडे हे खरंच झालं होतं, दोन दिवस.

लेव्हल अंदाजाने बघू नकोस. उभं राहून वरून बघितलं की सगळं सरळच दिसतं. स्पिरिट लेव्हल किंवा लेझर जे असेल ते वापर, नसेल तर गुडघ्यावर बसून डोळे कानाच्या उंचीला आण आणि मग बघ.

किती वेळा? दर तासाला आउटपुट लिहिताना तर बघायचीच, शिफ्ट सुरू करताना बघायची, आणि खरं उत्तर हे की पेशंट किंवा बेड जितक्या वेळा हलेल तितक्या वेळा. पोझिशन दिली, एक्स-रेची प्लेट घातली, फिजिओवाल्यांनी बसवलं, पेशंट स्वतःच घसरून खाली सरकला. हा शेवटचा प्रकार कोणी मोजत नाही. हेड एंड तीस डिग्रीवर असला की पेशंट हळूहळू खाली घसरतोच, तीन तासांत कान बराच खाली गेलेला असतो आणि चेंबर मात्र जिथल्या तिथे, म्हणजे आपोआप चेंबर उंच झाला आणि ड्रेनेज कमी झालं, आणि आपण म्हणतो आज आउटपुट कमी आहे हं, छान.

आता ऑर्डरबद्दल, कारण इथे एक फसवा खड्डा आहे. "ईव्हीडी १५ वर ठेवा." पंधरा काय? पॅनेलवर दोन पट्ट्या असतात, एका बाजूला सेंटीमीटर पाणी आणि दुसऱ्या बाजूला एमएमएचजी (मिलिमीटर पारा), आणि दोन्ही सारख्या नाहीत. १ एमएमएचजी म्हणजे १.३६ सेंटीमीटर पाणी. म्हणजे १५ एमएमएचजी जवळपास २० सेंटीमीटर होतात, आणि १५ सेंटीमीटर म्हणजे फक्त ११ एमएमएचजी. रेसिडेंटला तिथल्या तिथे विचार, "सर, सेंटीमीटर की एमएमएचजी", चिडले तर चिडू देत, आणि ऑर्डर शीटवर युनिट लिहून घे. सोबत आणखी तीन गोष्टी विचारून घे: ड्रेन सतत उघडा ठेवायचा की बंद ठेवून प्रेशर अमुक वर गेलं की उघडायचा, तासाला जास्तीत जास्त किती एमएल चालेल, आणि कशाकशासाठी तुम्हाला उठवायचं. रात्री दोन वाजता फोन करायला हात धजावत नाही तेव्हा ही लिहिलेली ऑर्डर उपयोगी पडते.

किती एमएलला घाबरायचं याला एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही, पण अंदाज यायला हे लक्षात ठेव. मोठ्या माणसात सीएसएफ तासाला साधारण २० एमएल तयार होतं, दिवसाला ४५० ते ५०० एमएल, आणि एका वेळी आत असतं फक्त १५० एमएलच्या आसपास, म्हणजे दिवसात तीनेक वेळा सगळं पाणी बदलतं. म्हणून तासाला २० च्या वर सतत यायला लागलं तर जेवढं तयार होतंय त्याहून जास्त आपण काढतोय असा अर्थ होतो, आणि बऱ्याच युनिटमध्ये कळवायची मर्यादा म्हणूनच त्याच्या आसपास असते. लहान मुलांत हे सगळे आकडे खूप कमी, तिथे मोठ्यांचा हिशोब लावू नकोस, मुलांच्या ऑर्डर वेगळ्या लिहून घे. आणि नातेवाईक विचारतातच, "सिस्टर, डोक्यातलं पाणी सगळं संपणार तर नाही ना", त्यांना हेच सांग की रोज नवीन तयार होतं, आपण फक्त जास्तीचं बाहेर काढतोय.

माझ्या मते नवीन सिस्टर सगळ्या "येत नाहीये" याला घाबरतात आणि "खूप येतंय" याला खूश होतात, हे उलटं व्हायला हवं, किंवा निदान दोन्हीला सारखं घाबरायला हवं. एका पेशंटचं सांगते. पोस्टऑप, चांगला जागा, बोलत होता. नातेवाईकांनी त्याला पाणी प्यायला म्हणून रिमोटने हेड एंड वर केला, प्रेमाने केलं, त्यांना काय माहीत. मी शेजारच्या बेडला सक्शन करत होते. वळून बघते तर चेंबर भरत आलेला, पाचसात मिनिटांत ५० एमएलच्या वर गेलेलं, आणि पेशंट डोकं धरून ओरडतोय आणि ओकतोय. लगेच पेशंटच्या बाजूचा क्लॅम्प बंद केला, आडवं केलं, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) आणि प्युपिल (डोळ्यांच्या बाहुल्या) बघितले, डॉक्टरांना बोलावलं, सीटी झाला, नशिबाने काही नव्हतं. पण पाणी भराभर गेलं की व्हेंट्रिकल आकसतात, मेंदू कवटीच्या आतल्या आवरणापासून ओढला जातो, तिथल्या शिरा ताणून फाटतात आणि सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव) होतं. पोस्टेरिअर फोसाचा (कवटीच्या मागच्या-खालच्या भागातला) ट्यूमर असेल तर वरचं पाणी काढल्यावर खालचा भाग वर ढकलला जातो. आणि एसएएचचा (मेंदूभोवती रक्तस्राव झालेला) पेशंट असेल, ॲन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) अजून क्लिप किंवा कॉइल करून बंद केलेला नसेल, तर बाहेरचा दाब एकदम कमी झाल्यावर तोच ॲन्युरिझम पुन्हा फुटू शकतो, म्हणून अशा पेशंटचा चेंबर मुद्दाम उंच ठेवतात. तो उंच दिसतोय म्हणून कोणी "नीट" करायला जाऊ नये, हे हँडओव्हरमध्ये तोंडाने सांगायचं.

तेव्हापासून मी प्रत्येक ईव्हीडीच्या बेडचा रिमोट काढून पायाकडे अडकवते आणि नातेवाईकांना, मावशींना, मामांना, फिजिओला, सगळ्यांना सांगते की या बेडला हात लावायच्या आधी मला हाक मारायची. बेडवर मोठ्या अक्षरात चिकटवूनही ठेवते. चिकटवलेलं कोणी वाचत नाही, पण सांगितलेलं लक्षात राहतं.

आता क्लॅम्प. पेशंटला वळवताना, बसवताना, बेड वर-खाली करताना, शिफ्टिंग करताना आधी बंद करायचा. सक्शनच्या वेळी मात्र थोडं डोकं लावायला लागतं. बऱ्याच ठिकाणी सक्शनला बंद करतात, कारण खोकल्याबरोबर भसकन पाणी निघतं, पण ज्या पेशंटचं प्रेशर आधीच वर आहे त्याचा ड्रेन बंद करून त्याला खोकवलंस तर दाब बाहेर पडायचा एकमेव रस्ताच बंद केलास. अशा पेशंटसाठी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेव, सक्शन छोटं कर, आधी ऑक्सिजन दे.

बंद केल्यावर उघडायचं कसं लक्षात ठेवायचं? मी एक चिकटपट्टीचा तुकडा घेते, त्यावर बंद केल्याची वेळ लिहिते आणि स्वतःच्या मनगटावर चिकटवते. बेडवर नाही, मॉनिटरवर नाही, स्वतःच्या हातावर. ड्रेन उघडल्याशिवाय ती पट्टी काढायची नाही. हसतात लोक, हसू देत. दुसरा नियम, ज्याने बंद केलं त्यानेच उघडायचं, आणि तो माणूस मध्येच जाणार असेल तर पुढच्याच्या हातावर पट्टी लावून जायचं. परत आल्यावरचा क्रम असा, पेशंट नीट पोझिशनमध्ये, मग लेव्हल, मग ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) झिरो, आणि सगळ्यात शेवटी उघडायचं. आधी उघडून मग लेव्हल करत बसलीस तर त्या अर्ध्या मिनिटात काय व्हायचं ते होतं. उघडल्यावर डोक्यापासून बॅगपर्यंत ट्यूबवरून बोट फिरव, प्रत्येक थ्री वे (तीन तोंडांची तोटी) कुठल्या दिशेला आहे ते बोटाने आणि डोळ्याने बघ. थ्री वेचे कान (फिरवायच्या दांड्या) वेगवेगळ्या कंपनीत वेगळे असतात, काहींमध्ये कान ज्या बाजूला ती बाजू बंद आणि काहींमध्ये उलटं, त्यामुळे सवयीवर जाऊ नकोस, आणि शेवटी थेंब पडताना किंवा ट्यूबमधला कॉलम हलताना प्रत्यक्ष दिसला पाहिजे.

सीटीला नेताना चेंबर पेशंटच्या पायांमध्ये आडवा ठेवतात ना, तो प्रकार बंद कर. चेंबरच्या वर हवेचा एक छोटा फिल्टर असतो, तो ओला झाला की हवा आत-बाहेर होत नाही आणि ड्रेन उंची कितीही असली तरी नीट चालत नाही. उभाच न्यायचा, स्टँडवर. निघायच्या आधी चेंबरमधलं बॅगेत रिकामं करून घे. आणि एमआरआयसारखं लांबलेलं काम असेल तर किती वेळ बंद चालेल हे आधी विचारून जा, कारण काही पेशंट पंधरा मिनिटंही बंद सहन करत नाहीत.

प्रेशरचा आकडा घेताना एक गोष्ट पक्की ठेव, ड्रेन पाणी बाहेर सोडत असताना मॉनिटरवर दिसणारा आयसीपी (डोक्यातला दाब) खरा नसतो. थ्री वे ड्रेनच्या बाजूला बंद कर, पेशंट आणि ट्रान्सड्यूसर एवढंच जोडलेलं राहू दे, वेव्ह स्थिर होऊ दे, मग आकडा लिही, मग परत उघड. मोठ्या माणसात साधारण ५ ते १५ एमएमएचजी नॉर्मल धरतात, आणि हेड इंज्युरीत २२ च्या वर राहिलं तर उपचार करायचे असं २०१६ च्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या गाइडलाइनमध्ये आहे. आकड्यासोबत वेव्हकडे पण बघ. तीन टेकड्या असतात, पहिली सगळ्यात उंच असायला हवी. दुसरी पहिलीच्या वर चढायला लागली की मेंदूकडे आता जागा उरलेली नाही, आकडा अजून १८ च असला तरी. सपाट वेव्ह आली तर तो आकडा कितीही सुंदर असो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि हा ट्रान्सड्यूसर आर्टरियल लाइनसारखा (धमनीतल्या नळीसारखा) दिसतो म्हणून त्याला प्रेशर बॅग आणि फ्लश कधीच जोडायचा नाही, कधीच. मेडिसिन आयसीयूतून आलेल्यांचे हात आपोआप तिकडे जातात म्हणून दोनदा लिहिलं.

यावरून तुझा फ्लशचा प्रश्न. नाही. नर्सने ईव्हीडी फ्लश करायचा नाही, सिरिंजने जोरात ओढायचंही नाही. ढकललंस तर दाब वाढवतेस आणि जंतू आत पाठवतेस, ओढलंस तर कॅथेटरच्या भोकांत मेंदूचा भाग किंवा कोरॉइड प्लेक्सस (सीएसएफ तयार करणारा भाग) ओढला जाऊन ब्लीड होऊ शकतं. ते न्यूरोसर्जन करतील, स्टराइल पद्धतीने, अगदी थोड्या सलाइनने.

ब्लॉक झालाय का हे बघायचं असेल तर आधी पेशंट बघ. जीसीएस उतरलाय, प्युपिल बदललाय, ओकतोय, बीपी चढून पल्स उतरतोय, असं काही असेल तर ट्यूबशी खेळत बसू नकोस, आधी फोन आणि आरडाओरडा, मग बाकीचं. बीपी वर, पल्स खाली, श्वास वेडावाकडा हे तिन्ही एकत्र दिसायला लागलं म्हणजे खूप उशीर झालाय, त्याची वाट बघायची नसते. पेशंट जसाच्या तसा असेल तर डोक्याकडून सुरुवात कर. ट्यूब पट्टीखाली दुमडलीये का, पेशंट तिच्यावर झोपलाय का, सगळे क्लॅम्प उघडे आहेत का, लेव्हल बरोबर आहे का, फिल्टर ओला आहे का, ट्यूबमध्ये गुठळी दिसतेय का. मग ट्यूबमधला कॉलम श्वासाबरोबर आणि ठोक्याबरोबर वरखाली हलतोय का बघ. हलत असेल तर रस्ता मोकळा आहे, फक्त दाब चेंबरच्या उंचीपेक्षा कमी आहे, म्हणून पडत नाहीये. नसेल हलत तर तुमच्या युनिटमध्ये परवानगी असेल तर चेंबर काही सेकंद थोडा खाली घेऊन थेंब पडतो का बघतात आणि लगेच परत जागेवर. सेकंद म्हणजे सेकंदच. आणि हेही डोक्यात ठेव की आधीच्या काही तासांत खूप पाणी गेलं असेल तर आता न येण्याचं कारण व्हेंट्रिकल चिकटून बसलेत हे असू शकतं, तिथे चेंबर खाली घेतलास तर दुखण्यात भर. म्हणून मागच्या सहा तासांचा चार्ट वाचल्याशिवाय चेंबरला हात नाही लावायचा.

चार्टवर नुसतं "१२ एमएल" लिहून कोणाला काही कळत नाही. किती एमएल, रंग कसा, चेंबर कितीवर, ड्रेन उघडा की बंद, प्रेशर किती, आणि त्याच ओळीत जीसीएस. रंगाचं म्हणशील तर नॉर्मल पाण्यासारखं स्वच्छ असतं, ब्लीडच्या पेशंटमध्ये लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातं. हा उतरता क्रम चांगला. गुलाबी होत आलेलं अचानक पुन्हा लालभडक झालं तर तेव्हाच्या तेव्हा कळवायचं. गढूळ झालं, त्यात तंतू दिसले, ताप आला, मान कडक झाली तर इन्फेक्शनचा विचार. फक्त न्यूरोच्या पेशंटला ताप शंभर कारणांनी येतो, आणि बेशुद्ध पेशंट मान दुखते म्हणून सांगणार नाही, म्हणून रंग आणि जीसीएस यांच्यावरच जास्त भिस्त. बाहेर जाणाऱ्या पाण्यात सोडियम पण जातो, त्यामुळे ईव्हीडीचं आउटपुट इनटेक-आउटपुट चार्टमध्ये धर, आणि सोडियमच्या रिपोर्टवर डोळा ठेव, विशेषतः एसएएचमध्ये.

इन्फेक्शनबद्दल मी जरा कडक आहे. सिस्टिम जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना दार उघडून देता. पूर्वी आम्ही रोज सकाळी सीएसएफचं सँपल पाठवायचो, रूटीन म्हणून, कॅथेटरसुद्धा ठरावीक दिवसांनी बदलले जायचे. आता २०१६ च्या न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीच्या आणि २०१७ च्या अमेरिकेतल्या इन्फेक्शियस डिसीज सोसायटीच्या गाइडलाइन बघितल्या तर कारण नसताना कॅथेटर बदलायचा नाही असं स्पष्ट आहे, आणि सँपलही शंका असेल तेव्हाच. तुमच्याकडे अजून रोज काढत असतील तर राउंडवर विचारायला हरकत नाही, "सर, आज नक्की कशासाठी पाठवायचं?" बऱ्याचदा उत्तर नसतं. काढायचंच असेल तर स्टराइल ग्लोव्ह, मास्क, पोर्ट नीट घासून पूर्ण वाळू द्यायचा, कारण क्लोरहेक्सिडीन किंवा स्पिरिट सीएसएफमध्ये जाणं मेंदूला चांगलं नाही, मग डोक्याच्या जवळच्या पोर्टमधून अगदी हळू, जेवढं लागेल तेवढंच. बॅगेतलं सँपल कधी पाठवायचं नाही, ते शिळं असतं. बॅग पाऊण भरली की बदल, काठोकाठ होऊ देऊ नकोस. ड्रेसिंग कोरडं असेल तर उगाच उघडू नकोस, ओलं असेल तर नुसतं बदलून गप्प बसू नकोस, ते ओलं कशाने झालं ते सांग, कारण कॅथेटरच्या बाजूने सीएसएफ लीक होत असेल तर जे पाणी बाहेर येतंय त्याच वाटेने जंतू आत जातात.

लेबल. ट्यूबवर प्रत्येक थ्री वेपाशी "ईव्हीडी, इंजेक्शन देऊ नये" असं ठळक लावायचं, वेगळ्या रंगात. रात्री तीनला डोक्याशी सेंट्रल लाइन, आर्टरियल लाइन आणि ईव्हीडी तिन्ही लटकत असतात आणि थ्री वे सगळे सारखेच. एका ठिकाणी माझ्यासमोर एक हुशार, कामात चोख मुलगी अँटिबायोटिकची सिरिंज घेऊन ईव्हीडीच्या पोर्टला लावायच्या बेतात होती, मी ओरडले म्हणून थांबली. आयव्हीचं औषध व्हेंट्रिकलमध्ये गेलं तर परत काढता येत नाही. म्हणून औषध देण्याआधी ट्यूब शरीरात जाते तिथपर्यंत हाताने मागे जायचं, दर वेळी.

ट्यूब मध्येच सुटली तर घाईने परत जोडायची नाही. डोक्याच्या जवळ क्लॅम्प कर, टोक स्टराइल गॉजमध्ये गुंडाळ, डॉक्टरांना बोलाव, नवीन सेट लागेल. पेशंटने पूर्ण उपसून काढला तर त्या जागी स्टराइल गॉजने दाबून धर, निघालेला कॅथेटर फेकू नकोस, टोक अख्खं आहे का ते बघायला लागतं. अर्धवट बाहेर आला असेल तर आत ढकलायचा नाही. चेंबर स्टँडवरून खाली पडला तर आधी पेशंटच्या बाजूचा क्लॅम्प, मग पेशंट, मग उचलाउचली, आणि किती गेलं ते लिही. गोंधळलेल्या पेशंटसाठी सरसकट हात बांधण्यापेक्षा मिटन (हातावरचे जाड मोजे) घाल, ट्यूब डोक्याला एक सैलसर वेटोळं देऊन चिकटव म्हणजे पहिला झटका वेटोळ्यावर जातो टाक्यावर नाही, आणि तो का खेचतोय ते बघ, कित्येकदा नुसती लघवी तुंबलेली असते.

शेवटी काढायची वेळ आली की चेंबर टप्प्याटप्प्याने वर नेतात किंवा सरळ बंद करून साधारण एक दिवस बघतात, मग सीटी. या काळात आउटपुट लिहायचं काम कमी होतं म्हणून सगळे रिलॅक्स होतात, आणि तुझं खरं काम इथे वाढतं, कारण आता जास्तीचं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. डोकं दुखणं, ओकारी, काल गप्पा मारणारा आज एका शब्दात उत्तर देणं, प्रेशर चढत जाणं, टाक्याच्या बाजूने पाणी झिरपणं, यातलं काहीही म्हणजे ट्रायल फेल, लगेच कळव. उघडण्याबद्दलची ऑर्डर आधीच लिहून घेतलेली असली तर तुझी तूच उघडू शकतेस. आणि ड्रेन काढल्यावरही पुढचा दिवसभर तासातासाचा जीसीएस सोडू नकोस, आणि पेशंटला वळवशील तेव्हा उशीवर हात फिरवून बघ. ओली लागली तर घाम असेल म्हणून सोडायचं नाही, बहुतेक वेळा तिथे अजून एक टाका लागतो.